साहेब, झेडचा एखादा शब्द द्या

नाशिकला थंडी पडली की मला इंग्रजी आठवतं.

बाकीच्यांना तिळगूळ आठवतो, शेकोटी आठवते, कुणाला कपाटातलं स्वेटर आठवतं. मला क्यू आठवतो, एक्स आठवतो, झेड आठवतो. आणि आठवणारा कोण, तर शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तर हजेरी घेत होते तेव्हा मागच्या खिडकीतून उडी मारून गेलेला मी. मास्तरांनी मला शोधायला कुणाला पाठवलं नाही. हुशार माणूस होता.

हे सगळं मी बोलतोय आणि माझा मेव्हणा अशोक लिहून घेतोय. तो कचेरीत कारकून आहे. मी 'हाय' म्हणालो की तो 'आहे' लिहितो. मी म्हणतो लिही बाबा, तेवढंच माझं शिक्षण. दुसऱ्यांच्या तोंडचं मात्र जसंच्या तसं ठेव, नाहीतर ती माणसं मला ओळखू यायची नाहीत.

आज सकाळी रिक्षा सुरूच होईना. गारठ्याने इंजिन आखडलं होतं. सिन्नर फाट्याच्या बाजूला धुकं असं होतं की समोरच्या एस्टीचा फक्त हॉर्न दिसत होता. मी हात चोळत उभा राहिलो, तोंडातून वाफ निघाली, आणि एकदम वाटलं, आज रविवार. देवळालीला जायचंय. कुणीतरी वाट बघतंय आणि आपल्या हातावर काहीच लिहिलेलं नाही.

मग आठवलं, की आता कुणी वाट बघत नाही. मी रिक्षाला लाथ मारली. ती सुरू झाली.

तेव्हा रिक्षा नव्हती, टांगा होता. नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर आमची रांग असायची. माझी घोडी राणी, आणि माझी बायको शेवंता. स्टँडवरचे लोक म्हणायचे, दगडूच्या घरात दोन बायका, आणि दोघी त्याच्यापेक्षा शहाण्या. खरं होतं. शेवंता सातवी शिकलेली. माझे सासरे गिरणीत कामाला होते, पण घरात एकच हट्ट, पोरगी असो पोरगा असो, शिकलं पायजे. मला जावई कसा केला हे अजून कळलं नाही. अशोक म्हणतो, "दाजी, तुमी बघायला आलात तेव्हा एक शब्द बोलला नव्हता. आमाला वाटलं विचारी माणूस हाय."

त्या वर्षी दिवाळी झाली आणि शेवंताचा खोकला थांबेना. मग रक्त पडलं. देवळालीच्या बाजूला छातीच्या रोग्यांचं एक सॅनिटोरियम होतं, तिथे बायकांच्या वॉर्डात तिला ठेवलं. मोकळी हवा, उंच छत, लांब व्हरांडा. भेटायला फक्त रविवारी दुपारी, आणि तेही आत नाही. खिडकीला बारीक जाळी होती. बाहेर दगडी कट्टा. आम्ही कट्ट्यावर बसायचं, पेशंटने आत खुर्चीवर. जाळीतून माणूस असं दिसायचं जसं पिठाच्या चाळणीतून बघतोय.

डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. पण हिने खाल्लं पाहिजे. अंगात काही नसेल तर औषध कुणाच्या जोरावर लढणार?"

आणि शेवंता खायची नाही. गोळ्यांनी तिला मळमळायचं. पाव आला की तोंड फिरवायची, अंडं आलं की डोळे मिटायची, दुधाचा ग्लास तसाच थंड व्हायचा, वर साय धरायची, साईवर माशी बसायची. दर शनिवारी काट्यावर उभी करायचे. दर शनिवारी काटा मागे जायचा. आणि दर रविवारी मी कट्ट्यावर बसून विनोद सांगायचो. घोडीचे, पॅसेंजरचे, स्वतःचे. दुसरं काय येत होतं मला? गंभीर बोलायला गेलो की माझा आवाज फाटतो, म्हणून मी आयुष्यात गंभीर बोललोच नाही.

तिच्या शेजारच्या खाटेवर लोबो मिस होत्या. म्हाताऱ्या, बारीक, केस पांढरे कापलेले. मिशनच्या शाळेत जन्मभर शिकवलेलं, लग्न नाही, मागेपुढे कुणी नाही. त्या वॉर्डात इतकी वर्षं होत्या की नवी नर्स आली की मिसच तिला कपाटं दाखवायच्या. त्यांच्याकडे एक खोका होता. झाकण फाटलेलं, बँडेजच्या पट्टीने बांधलेलं. आत लाकडाचे चौकोनी तुकडे, खडीसाखरेएवढे. प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर आणि कोपऱ्यात बारीक आकडा. पुठ्ठ्याच्या पटावर ते तुकडे मांडून शब्द करायचे. साध्या अक्षराला कमी मार्क, अवघड अक्षराला जास्त. वॉर्डात इंग्रजी येणारं कुणी नाही, म्हणून मिसनी शेवंताला धरलं. सातवीपर्यंतची एबीसीडी होतीच तिच्याकडे, वर मिसनी रोज चार शब्द घातले.

एका रविवारी मी गेलो तर माझ्या विनोदाकडे हिचं लक्षच नाही. गाल बसलेले, पण डोळ्यांत आग.

"हरले परत," म्हणाली.

"कुठं?"

"मिसकडं. त्यांच्याकडं क्यूचे शब्द हायेत, झेडचे हायेत. माझ्याकडं काय, तर मांजर, उंदीर आन् गाय. मांजराला किती मार्क पडणार?"

शेवंता हरायची नाही. लग्नानंतर एकदा तिने मला सागरगोट्यांत असं हरवलं होतं की मी दोन दिवस रुसून घोडीजवळ जेवलो.

मी म्हणालो, "मग जिंक आन् जेव."

मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. पण तिने ते पकडलं. "ठरलं," म्हणाली. "ज्या दिवशी जिंकीन त्या दिवशी ताट पुसून खाईन. मिस, ऐकलं का?"

आतून मिसचा आवाज आला, "ऐकलं. पण मी खोटी हरणार नाही."

"मला खोटं नकोच हाय," शेवंता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमच्या टांग्यात एवढी शिकलेली माणसं बसतात. विचारा की त्यांना. क्यूचे, एक्सचे, झेडचे शब्द. मिसला येत नसतील असे. आणा मला."

झालं. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्याला बायकोने इंग्रजी शब्द आणायला पाठवलं.

मी अक्षरं अशी पाठ केली: क्यू म्हणजे शेपूट फुटलेली घागर. एक्स म्हणजे न्हाव्याची उघडी कात्री. झेड म्हणजे कसारा घाटातला रस्ता, जातो, वळतो, परत जातो. आणि शब्द लक्षात ठेवायची भानगड नको म्हणून डावी बाही वर करायची आणि पॅसेंजरच्या पुढे हात धरायचा. लिहा साहेब.

पहिला सापडला तो कॉलेजचा प्रोफेसर. छत्री, चष्मा, मफलर. शालिमार चौकापर्यंत टांगा हाकला, मग धीर केला.

"साहेब, झेडचा एखादा शब्द द्या."

"काय द्या?"

"शब्द. झेडचा. क्यूचा असला तरी चालंल, फक्त क्यूच्या पाठीमागं यू नको, तसले सगळ्यांना येतात."

त्याने टांगा थांबवायला सांगितलं. त्याला वाटलं मी प्यायलोय. मी म्हणालो, "साहेब, बायको मागतीय." तो म्हणाला, "लोकांच्या बायका साड्या मागतात हो." पण लिहून दिला. पेन गार होतं, अंगावर शहारा आला. वरून तो म्हणाला, "आंघोळ जपून करा."

मी ती केलीच नाही. रविवारपर्यंत डावा हात कोरडा. थंडीत आंघोळ न करायला असं कारण कुणाला मिळालं नसेल.

मग मला सवयच लागली. भाडं ठरवायच्या आधी मी माणसाचा चेहरा बघायचो, याच्यात झेड असेल का? मेडिकलवाल्याने मला पाच-सहा शब्द भराभरा दिले, सगळे एक्स आणि झेडने ठासून भरलेले. मी खूष. मिसनी जाळीतून वाचले आणि म्हणाल्या, "ही औषधांची नावं आहेत. नावं चालत नाहीत." शाळेचा एक हेडमास्तर मिळाला, त्याने शब्द दिला नाही पण पंचवटीपर्यंत मला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला एकजण म्हणाला, "क्यू? आमच्याकडं क्यू म्हणजे तिकिटाची रांग." आणि देवळाली कॅम्पातला एक जवान भेटला, सुट्टीवर चाललेला, मोठा दिलदार. "एक्सवाला चाहिए? लिख देता हूँ." त्याने कोपरापर्यंत एकच मोठा शब्द लिहिला. मी तो रविवारी झेंड्यासारखा जाळीपुढे धरला. नेमक्या तेव्हा सिस्टर आत आल्या. केरळच्या होत्या, गळ्यात क्रूस. त्यांनी वाचलं, लाल झाल्या आणि मला आवारातून बाहेर काढलं. मिस नंतर म्हणाल्या, "शब्द बरोबर आहे. डिक्शनरीत आहे. आपण तो खेळत नाही." शब्द कोणता ते अशोक लिहायला तयार नाही.

पण मला बाहेर काढायच्या आधी, सिस्टर लाल झाल्या तेव्हाच, शेवंता हसली. जाळीच्या पलीकडे पदर तोंडात धरून हसली, आणि हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेना. मी कट्ट्यावर उभा. आत जाता येत नाही. हात जाळीला लावला तर जाळी. तिची पाठ नुसती वर-खाली होत होती आणि मी बाहेर उभा राहून, माझ्या हातावर ते जवानाचं नक्षीकाम घेऊन, 'अगं बास, अगं बास' करत होतो. जणू मी तिला हसू नको सांगितलं की आतलं सगळं नीट होणार होतं.

काटा मागेच जात होता. शब्द मी दर रविवारी नेत होतो, आणि ती दर रविवारी म्हणायची, "थोडक्यात हरले." मला वाटायचं माझे शब्द कमी पडतात. अजून अवघड पाहिजेत. मिसना मी एकदा, शेवंता तपासून घ्यायला गेलेली असताना, हात जोडले.

"मिस, हरा ना वो एकदा. तुमचं काय जातं?"

त्यांनी खोक्याची पट्टी घट्ट बांधली. "तिला कळेल," म्हणाल्या. "मग ती माझ्यावर विश्वास नाही ठेवणार. आता गोळ्या तरी घेते, मी सांगते म्हणून. त्या पण बंद करेल."

मला त्यांचा राग आला. परत येताना मी राणीला उगाच चाबूक दाखवला. ती थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. भगूरच्या रस्त्यावर मी एका घोडीची माफी मागितली.

मग गोंदणाची गोष्ट झाली. त्या आठवड्यात एक म्हातारे वकील बसले होते टांग्यात. त्यांनी विचार करून करून एक लहानसा शब्द दिला. म्हणाले, "हा सहसा कुणाला सुचत नाही. झेड आहे." मी खूष. पण शुक्रवारी राणीला धुताना बादली लवंडली, बाही भिजली, आणि झेडचा घाट वाहून जायला लागला. वकील कुठे राहतात माहीत नाही. शब्द तोंडाने माहीत नाही. नुसत्या पुसट रेघा. मी तसाच टांगा सोडून रामकुंडावर गेलो. तिथे गोंदणारी बाई बसायची. तिच्यापुढे हात धरला.

"हे पुसायच्या आत गोंद."

"कुणाचं नाव?"

आता काय सांगू? म्हणालो, "बायकोचं."

"लय बारकं नाव हाय," ती म्हणाली. "लाडाचं असंल." आणि सुया चालवायला लागली.

रविवारी हात सुजलेला, हिरवा-निळा. मी बाही वर केली आणि जाळीला लावला. पुसला जाणार नाही असा शब्द. मला वाटत होतं आज ही जिंकलीच. शेवंताने वाचला. तिला कळला नाही. मिसना दाखवला. मिसनी जाडी डिक्शनरी आणली, बोट लावलं, वाचलं, आणि त्या म्हातारीचा चेहरा असा झाला की मला वाटलं परत जवानासारखं काही झालं.

"काय हाय?" शेवंताने विचारलं.

"बैल," मिस म्हणाल्या. "वशिंडवाला. आपल्याकडचा बैल."

शेवंता हसली नाही. नुसती बघत राहिली, हाताकडे, मग माझ्याकडे. "गोंदवून घेतलं?"

"पुसत होतं," मी म्हणालो.

"बैल गोंदवून घेतला हातावर? इंग्रजीत?"

"मला काय ठाऊक! वकिलानं दिलेला हाय, चांगला शिकलेला माणूस. आता लाव की पटावर. किती मार्क पडतात?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मिसनी खोक्यातली तुकड्यांची कापडी पिशवी आणली, जाळीजवळ धरली, हलवली. आत तुकडे वाजले.

"टांगेवाला," त्या म्हणाल्या, "यात न बघता हात घालायचा. सात अक्षरं येतात. जी येतील त्यांचाच शब्द करायचा. झेड एकच आहे सगळ्या पिशवीत. क्यू एकच आहे. ते हातात आले तर शब्दाचा उपयोग."

मला कळायला वेळ लागला. मला इतके दिवस वाटत होतं, शब्द म्हणजे बाजारातून आणलेली वस्तू. आणली, मांडली, मार्क घेतले. मी दर रविवारी भरलेला हात घेऊन येत होतो आणि तिच्यापुढे सात भलतीच अक्षरं पडलेली असायची.

"म्हंजे मी आणले त्यातला..."

"एक पण नाही लागला," मिस म्हणाल्या. त्यांना खोटं येतच नव्हतं.

मी शेवंताला विचारलं, "तू बोलली का नाय?"

"काय बोलू?" ती म्हणाली. "बोलले असते तर तुमी इथं रिकामे बसला असता. रिकामे बसला की तुमाला रडू येतं. मला ते बघायचं नव्हतं."

त्या दिवशी तिने अर्धा ग्लास दूध प्यायलं. माझी कीव आली म्हणून. मी ते लाच घेतल्यासारखं घेतलं.

अशोक इथे थांबलाय. पेनात शाई भरायचं निमित्त करतोय. त्याची बहीण आहे ती. मी त्याला म्हणतो, चहा टाक.

पुढचे रविवार मला एकत्र आठवतात, वेगवेगळे काढता येत नाहीत. ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती. द्राक्षाच्या बागांमध्ये पहाटे लोक जाळ करायचे, वेलांना थंडी लागू नये म्हणून, आणि तो धूर दुपारपर्यंत रस्त्यावर लोळत असायचा. मला वाटायचं, वेलीला जाळ करून मिळतो. शेवंता आता खुर्चीवर येत नव्हती. खाट खिडकीजवळ ओढलेली, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. खेळ बंद. पाव परत जायचा, अंडं परत जायचं. सिस्टर माझ्याशी आता प्रेमाने बोलत होत्या, त्याचीच मला भीती वाटली. स्टँडवर मी अजून पॅसेंजरांना शब्द विचारत होतो. उपयोग नाही हे कळलं होतं. तोंडाला सवय झाली होती. एक बाई घोटीची, तांदळाचं पोतं घेऊन बसलेली, तिला पण विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, मला घरला सोड."

त्यानंतरच्या एका रविवारी मी कट्ट्यावर बसलो होतो. माझ्याकडे एकही विनोद नव्हता. शेवंताची पाठ दिसत होती, पांघरुणातून हाडं दिसत होती. मिस खिडकीशी डिक्शनरी घेऊन बसल्या होत्या. नुसती पानं उलटत होत्या. काय करायचं हे त्यांनाही कळत नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"टांगेवाला," त्या एकदम म्हणाल्या. "टांगा आहे यात."

"कशात?"

"इंग्रजीत. टांगा. दोन चाकांची हलकी गाडी, हिंदुस्थानात वापरतात."

"माझा टांगा?"

"तुझा टांगा. चालतो. खेळता येतो."

मी उठून उभा राहिलो. मागे राणी चिंचेखाली उभी होती, तोबऱ्यात तोंड घालून. तिला काय माहीत ती कशाला जुंपलीय.

मिस पानं उलटायला लागल्या. आता वेगाने. बोट फिरवत, मोठ्याने, शेवंताच्या पाठीला ऐकवत. "घाट आहे. तूप आहे. धोबी आहे. ज्वारी आहे, बघ, जेचा शब्द, जेला आठ मार्क. ही बघ, बाजरी. बाजरी पण आहे."

पाठ हलली.

"बाजरी बी?" आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं मिसच बोलल्या.

"बाजरी पण," मिस म्हणाल्या. "आठ जेचे, तीन बीचे. मोठा शब्द आहे हा."

शेवंता वळली. किती दिवसांनी मला तिचं तोंड दिसलं. ती मिसकडे बघत नव्हती, जाळीतून माझ्याकडे बघत होती.

"औंदाची बाजरी आली असंल ना आता," म्हणाली. "मला भाकर पायजे."

मी सिस्टरांकडे बघितलं. बाहेरचं खाणं बंद होतं, पाटीच होती तशी. मिस त्यांच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलल्या, थोडंच, हळू आवाजात. सिस्टरांनी घड्याळ बघितलं आणि पाठ फिरवली. जाताना म्हणाल्या, "मी काही पाहिले नाही."

मी टांगा असा हाकला की लोक बाजूला उड्या मारत होते. घरी शेजारच्या मावशी भाकरी करून द्यायच्या, पण त्या लग्नाला नांदगावला गेलेल्या. चक्कीवाल्याकडून पीठ घेतलं. चूल पेटवली. आणि तेव्हा कळलं की आयुष्यभर जी गोष्ट रोज खाल्ली ती कशी होते हे मी एकदाही बघितलं नव्हतं. पीठ हाताला चिकटलं. थापायला गेलो तर फाटली. परत गोळा केला. तव्यावर टाकली तर अर्धी तव्यावर, अर्धी चुलीत. शेवटी जे निघालं ते राणीच्या खुराला ठोकता आलं असतं. फडक्यात बांधून परत पळालो. ऊन उतरायला लागलं होतं. सिस्टरांनी फाटक उघडंच ठेवलं होतं.

खिडकीच्या खाली एक झडप होती, तिथून दिली. शेवंताने फडकं सोडलं. बघितलं. मिसनी तिला उशी लावून बसवलं होतं. तिने दुधाचा तो ग्लास मागितला, वाटीत ओतला, आणि त्या खुराएवढ्या भाकरीचा एक तुकडा मोडून, दोन्ही हातांनी कुस्करून दुधात घातला. बोटांनी कालवलं. आणि खाल्लं. दुसरा घास. तिसरा. चतकोर खाल्ली तिने.

"करपलीय," म्हणाली.

"घाई झाली."

"जाड झालीय. हात ओला करून थापायची. पुढच्या रविवारी पातळ आणा."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी भाकरी थापल्या. मावशी आल्या होत्या, दारात उभ्या राहून हसायच्या, "दगडूभाऊ, भाकर हाय का नकाशा?" मग स्वतः बसून माझे हात धरून शिकवलं. बिघडलेल्या सगळ्या राणीने खाल्ल्या. वजन त्या आठवड्यात घोडीचं वाढलं.

शनिवारी सकाळी पहिल्यांदा गोल आली. फुगली सुद्धा. मी ती तव्यावरून काढून हातावर घेऊन दारात उभा राहिलो, कुणाला तरी दाखवावी म्हणून.

शनिवारी दुपारी सॅनिटोरियमचा शिपाई सायकलवर स्टँडवर आला. माझ्या टांग्यात पॅसेंजर बसलेला होता. शिपाई टोपी काढून उभा राहिला. मी पॅसेंजरला म्हणालो, साहेब, उतरा.

अशोक आणि सगळे आले. जे करायचं ते केलं. त्या वेळचं मला फारसं सांगता येत नाही आणि अशोकला लिहिता येत नाही, म्हणून पुढे जातो.

रविवारी सकाळी घरात माणसं भरलेली होती. मी उठलो, मावशींच्या चुलीवर गेलो, पीठ घेतलं. कुणी मला अडवलं नाही. एकच भाकरी केली. पातळ. फडक्यात बांधली आणि टांगा जुंपला. राणीला लगाम दाखवावा लागला नाही, रविवारचा रस्ता तिला पाठ होता.

कट्ट्यावर बसलो. आत शेवंताची खाट गादी काढून उभी केली होती. मिस आल्या, खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे शब्द नव्हता, त्यांच्याकडे पण नव्हता. मी झडपेतून फडकं आत सारलं.

त्यांनी भाकरी कधी खाल्ली नसावी. पाव खाणारं माणूस, त्यात दात थोडेच. त्यांनी सिस्टरांकडून दूध मागवलं. वाटीत ओतलं. तुकडा मोडला, दोन्ही हातांनी कुस्करला, बोटांनी कालवला, आणि खायला लागल्या. हळूहळू. मी बघत होतो. जाळीतून कुणीही कुणासारखं दिसतं.

"मिस," मी म्हणालो, "कशी झालीय?"

त्या थांबल्या. घास तोंडात फिरवला. मला वाटलं, आज तरी ही बाई खोटं बोलेल.

"मीठ विसरलास," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा मोडला.